जुनी चादर, नवे बाळ

धान चुरून घरात आले, की आपल्या कटंगीच्या परिसरात शेतकऱ्याच्या घराला थोडी उसंत मिळते. पौष-माघाचे दिवस असतात. रात्रीची थंडी हाडापर्यंत पोचते आणि सकाळी आंगणात ऊन पडले, की पेट्यांमधल्या कथऱ्या, चादरी, जुनी लुगडी बाहेर काढून वाळत घातली जातात. त्यांत एखादी चादर अशी निघते, की मधोमध विरून पातळ झालेली, पण काठ मात्र अजून घट्ट. अंथरायच्या कामाची राहिली नाही आणि टाकवतही नाही. शेवटी तिचे पोतेरे होते किंवा ती गोठ्यात जाते.

ज्या घरात सून किंवा लेक पोटुशी आहे, त्या घरासाठी आजचा हा लेख आहे. या एका चादरीतून आणि एका जुन्या बनियनमधून बाळाची पहिली सहा झबली, चार बाळोती आणि दोन टोपडी होतात. खर्च फक्त दोऱ्याचा. मात्र त्याआधी चादरीला चार प्रश्न विचारले पाहिजेत. ते विसरलो, तर वाचलेल्या पैशांपेक्षा झालेले नुकसान फार मोठे असते.

आजीचे लुगडे का बरे?

आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे करून त्यात बाळाला गुंडाळायचे, ही आपली जुनी रीत आहे. काही जण तिला गरिबीची खूण समजतात आणि बाजारातून चकचकीत, झालरी लावलेला पोशाख आणतात. तो बहुधा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असतो. बाळाची कातडी नाजूक असते आणि असे कापड घाम टिपत नाही, म्हणून अंगावर पुरळ उठते. नव्या सुती कापडालाही खळ आणि रंग असतो. जुन्या सुती कापडातली खळ कधीच धुऊन गेलेली असते, जास्तीचा रंग निघालेला असतो, सूत मऊ झालेले असते. वारासिवनीच्या हातमागावरचे सुती लुगडे दहा वर्षे नेसून धुतले, की जो मऊपणा येतो तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, इंग्लंडमध्ये कपड्यांवर रेशन लागले आणि ते १९४९ पर्यंत चालले. १९४३ मध्ये तेथील सरकारने जुन्यातून नवे कसे शिवावे याची पुस्तिकाच काढली. अमेरिकेतील शेतकरी बायका मंदीच्या काळात पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांतून मुलांचे कपडे शिवत. ते पाहून गिरणीवाले पोती फुलांच्या छापाची काढू लागले. संसार नेटका करणारी बाई सगळ्या देशांत सारखीच.

चादरीला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: तू कशाची आहेस? चादरीच्या काठाचा एक दोरा काढून चिमट्यात धरावा आणि चुलीपासून दूर, काडीने पेटवावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, कागद जळाल्यासारखाच वास येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. वितळणारे कापड पेटले, तर ते अंगाला चिकटते. म्हणून बाळासाठी सुतीच घ्यावे, आणि सुती असले तरी शेगडीपासून लांबच ठेवावे, कारण सूतही पेट घेतेच.

दुसरा प्रश्न: पेटीत तुझ्याबरोबर काय होते? हा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो. कसर लागू नये म्हणून आपण कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असते. ते कापडात मुरते आणि वासावाटे व कातडीवाटे बाळाच्या अंगात जाते. तेल लावलेल्या अंगात तर अधिकच शिरते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असते. वरून काहीच दिसत नाही, बाळ धडधाकट असते. पण नॅफ्थलीनचा संबंध आला, की त्याच्या रक्तातील लाल पेशी फुटू लागतात आणि जबर कावीळ होते. ती मेंदूपर्यंत पोचली, तर बाळ दगावते किंवा जन्माचे अपंग होते. हा दोष मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो, आणि मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत तो बराच आढळतो. म्हणून ज्या कापडाला डांबरगोळीचा वास आहे, ते तान्ह्या बाळासाठी घेऊच नये. एकदा धुतल्याने भागेल असे समजू नये. बाळाचे कपडे ठेवायच्या पेटीत गोळीऐवजी कडुनिंबाचा चांगला वाळवलेला पाला, पुरचुंडीत बांधून ठेवावा.

तिसरा प्रश्न: तू शेतात गेली होतीस का? धानावर तुडतुडे किंवा खोडकिडा पडला, की आपण फवारणी करतो. त्या वेळी डोक्याला बांधलेला दुपट्टा, अंगावरचा सदरा किंवा पाठीवर टाकलेले कापड औषधाने भिजलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही गोष्ट आपण विसरलेलो नाही. जे विष मोठ्या माणसाला आडवे करते, त्याचा अंशही तान्ह्या बाळाला नको. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, वेगळे ठेवावेत आणि फाटल्यावरही त्यांचे लहान मुलांसाठी काही शिवू नये. खताच्या आणि औषधाच्या पिशव्यांनाही हाच नियम.

चौथा प्रश्न: तू गोठ्यात होतीस का? शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने असतात. ही बीजे इतकी चिवट असतात, की घरच्या चुलीवर थोडा वेळ उकळल्याने ती मरतील याचा भरवसा नाही. ती नाळेच्या ओल्या जखमेत गेली, तर बाळाला धनुर्वात होतो. पूर्वी आपल्या खेड्यांत आठवड्याच्या आतबाहेर कितीतरी बाळे अशी गेली. आईला दिलेली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे भारतात हा रोग फार आटोक्यात आला, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद घेतली. परंतु शेणमाती जिथल्या तिथे आहे. गोठ्यात गेलेले कापड पुन्हा घरात बाळासाठी आणू नये.

या चारही प्रश्नांना बरे उत्तर मिळाले, तर चादर साबणाने धुवावी, दहा-पंधरा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. मगच कात्री लावावी.

कापावे कसे?

पलंगावरची एकेरी चादर साधारण ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब असते. ती मधे विरते, काठाला टिकते. म्हणून लांबीच्या दिशेने तिचे तीन पट्टे करावेत: दोन्ही काठांचे १५-१५ इंचांचे आणि मधला ३० इंचांचा.

काठाच्या प्रत्येक पट्ट्यातून १२ इंच रुंद आणि २८ इंच लांब असे तीन तुकडे निघतात. दोन्ही पट्ट्यांचे मिळून सहा. एक तुकडा म्हणजे एक झबले. तो आडवा दुमडला, की १४ इंचांची उंची होते. दुमड खांद्यावर येते. दुमडीच्या मध्यभागी ४ इंच रुंद गळा कापावा, मागे १ इंच आणि पुढे २ इंच खोल. पुढचे पान मधोमध सरळ चिरावे. दोन्ही बाजूंना वरून ५ इंच हातासाठी सोडून खाली टीप मारावी. बाळाचा खांदा अरुंद असल्याने कापड आपोआप दंडावर उतरते. तीच अर्धी बाही. अंगात ते सैल राहते, त्यामुळे अंगरख्यासारखे एक पान दुसऱ्यावर चढवून बांधता येते आणि बाळ वाढले तरी काही महिने चालते.

पट्ट्यात उरलेल्या ३ इंचांच्या चिंधीतून नाड्या कराव्यात. नाडी ५ इंचांहून लांब नसावी आणि ती छातीशी व पोटाशी लावावी, गळ्याशी कधीही नाही. बटण लावू नये. तुटले तर बाळाच्या तोंडात जाते. शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे अंगाला घासत नाही. मशीन नसली तरी अडत नाही. हाताने बखया घालून काठांना तुरपाई केली, तरी झबले मजबूत होते.

मधला ३० इंचांचा भाग विरळ असला तरी फाटलेला नसेल, तर त्याची ३० बाय साडेबावीस इंचांची चार बाळोती होतात. पातळ कापड पाणी लवकर टिपते आणि लवकर वाळते, म्हणून इथे विरलेलेच बरे. बाळोते नाळेच्या खाली बांधावे. नाळ कोरडी व उघडी राहिली पाहिजे.

टोपड्यासाठी जुने सुती बनियन घ्यावे, कारण ते ताणले जाते. खालच्या घेराकडून १४ इंच रुंद व ८ इंच उंच असा तुकडा कापून कडेला शिवावा. वरचे तोंड चुण्या घालून पक्के बंद करावे, खालची कड उलटून घ्यावी. एका बनियनमधून दोन टोपडी निघतात. टोपडे कानांवर यावे, पण डोळ्यांवर किंवा नाकावर घसरू नये.

कपडा झाला, की तो उलटा करून उजेडात पाहावा आणि सुटलेला प्रत्येक दोरा कापून टाकावा. हे काम क्षुल्लक नाही. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडते आणि बोट काळेनिळे पडते. बाळ रडत राहते आणि कारण कोणाला उमगत नाही. हातमोजे किंवा पायमोजे शिवले, तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

ऊब हेच औषध

एवढा खटाटोप कशासाठी? नवजात बाळाचे अंग साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस इतके उबदार राहावे लागते. ओले अंग आणि उघडे डोके यांतून त्याची ऊब झपाट्याने जाते, आणि गारठलेले बाळ दूध ओढत नाही. कमी वजनाचे असेल, तर धोका अधिक.

आपलीच वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने वाहते. त्या जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील साध्या, थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला उबदार ठेवणे, आईचे दूध लवकर देणे, जंतुदोष ओळखून उपचार करणे, असे त्याचे स्वरूप होते. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या इतर गावांशी तुलना करता, तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते जगापुढे आले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई हीच पद्धत घेऊन घरोघरी जाऊ लागल्या. ऊब ही त्या यशातली एक बाजू होती, आणि ती प्रत्येक घराच्या हातातली आहे.

बाळ जन्मले, की एका कोरड्या फडक्याने पुसावे, ते ओले फडके लगेच दूर करावे आणि दुसऱ्या कोरड्या दुपट्यात घ्यावे. म्हणजे निदान दोन स्वच्छ फडकी आधीच तयार हवीत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दोघांना पांघरावे. पहिली अंघोळ निदान २४ तास तरी घालू नये. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात, त्याहून एक-दोन थर बाळाला अधिक घालावेत. हात लावून पाहावा: पोट गरम आणि पाय गार लागले, तर बाळ गारठू लागले आहे, पोटही गार लागले, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. पहिल्या दिवशीच बाळ पिवळे दिसले, किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळे ऊन दाखवत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आधी शिवून ठेवा

शेवटी एक अडचण राहते. बाळ येण्याआधी त्याचे कपडे करू नयेत, अपशकुन होतो, असे अनेक घरांत मानतात. मग रात्री अचानक कळा सुरू होतात आणि हाताला येईल ते फडके उचलले जाते. ते पेटीतल्या डांबरगोळ्यांचे असेल, शेतातले असेल, गोठ्यातलेही असेल. त्या घाईत चार प्रश्न विचारायला कोणाला सवड नसते.

आजीबाईंना दुखवायचे नसेल, तर झबली शिवा म्हणू नका. जुनी चादर धुऊन, उकळून, कापून ठेवा म्हणा. सातव्या महिन्यात हे काम उरकावे. सगळे एका स्वच्छ पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधून उंच जागी ठेवावे आणि ती कुठे आहे हे घरातल्या पुरुषांनाही सांगून ठेवावे. दवाखान्यात जाताना तीच पिशवी हाती घ्यायची.

शेतकरी पेरणीच्या आधी बियाणे निवडतो, पाखडतो, उन्हात घालतो. येणाऱ्या बाळाच्या कपड्यांचीही तशीच तयारी व्हावी. आंगणात आज ऊन चांगले आहे.