खिळ्यात न मावलेलं अक्षर

शिशाचा खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा, आणि माथ्यावर उठावाचं उलटं अक्षर. लेखणीला हा चौकोन ठाऊक नसतो. रोमन लिपीतला हाताने लिहिलेला 'एफ' पाहा: माथा पुढच्या अक्षरावर झुकतो, शेपूट मागच्या अक्षराखाली शिरते. खिळ्यावर हा भाग ठोकळ्याबाहेर लोंबता ठेवावा लागे आणि छपाईच्या दाबाखाली तोच आधी मोडे.

जर्मन अक्षरकार हेरमान झाप्फ यांचं लेखणीचं मोकळं वळण टाइपात आणण्याचं स्वप्न या चौकोनाने दीर्घकाळ अडवून धरलं. १९१८ साली न्यूरेम्बर्गला जन्मलेल्या झाप्फना विद्युत अभियंता व्हायचं होतं. वडील कामगार संघटनेतले, म्हणून नाझी राजवटीत मुलाला ती वाट बंद झाली. छापखान्यात उमेदवारी करताना १९३५ मध्ये त्यांनी रूडॉल्फ कॉख यांच्या अक्षरकामाचं प्रदर्शन पाहिलं आणि पुस्तकं समोर ठेवून ते स्वतःच सुलेखन शिकले. महायुद्धात सैन्यासाठी नकाशे काढत असताना, १९४४ मध्ये, त्यांच्या वहीत एक वळणदार वर्णमाला उतरली. पुढे 'व्हर्चुओसा' हा लेखणीच्या वळणाचा टाइप त्यांनी केला, पण शिशापायी त्याचे फाटे आखडते घ्यावे लागले.

हाताने लिहिताना तेच अक्षर दोनदा तंतोतंत सारखं उतरत नाही. शेजार पाहून ते वळण बदलतं. १९९३ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकन तरुणाने नेमकी हीच विविधता संगणकावर आणण्याची कल्पना झाप्फ यांच्यापुढे मांडली. सीगल मध्येच बाजूला झाले, पण झाप्फनी काम सोडलं नाही. १९९८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, लायनोटाइप या टाइप-कंपनीकडून त्यांचा 'झाप्फिनो' आला: एकाऐवजी चार वर्णमाला, शिवाय जोडाक्षरं आणि वेलबुट्ट्या. मॅकवरच्या आवृत्तीत 'झाप्फिनो' हे नाव रोमन अक्षरांत टाइप केलं, की शेवटचं अक्षर पडताच सातही अक्षरं मिळून एकच आकृती होते.

मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. आपला 'र' 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरका होतो, 'ट्रक'मध्ये 'ट'खाली पाय फाकवून बसतो, 'तऱ्हा'मध्ये आडवा होतो. पूर्वी खिळे जुळवणारा त्यासाठी वेगवेगळ्या खणांत हात घाली. आता शेजार पाहून रूप निवडण्याचा नियम फाँटमध्येच असतो. आपल्या लिपीची ही रोजची गरज; झाप्फनी तीच मुभा रोमन अक्षराला सौंदर्यासाठी दिली.

'झाप्फिनो' वापरताना मात्र मला या मुभेची काळजी वाटते. अख्खा शब्द मोठ्या लिपीत लावला, तर फाटे एकमेकांत अडकतात. ओळी जवळ आणल्या, की वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीच्या माथ्यात घुसतं. निमंत्रणावरचं एक नाव, मानपत्राचा मथळा, एवढंच त्याला द्यावं. वहीतल्या त्या पानापासून छापील रूपापर्यंत झाप्फ ५४ वर्षं थांबले. आपण दोन ओळींमध्ये बोटभर जागा तरी सोडावी.