मैत्रीप्रधान विनोदी मालिका

दूरचित्रवाणीवरील प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकांचा एक उपप्रकार. कुटुंबाऐवजी मित्रमैत्रिणींचा लहानसा गट, त्यांची नेहमीची एकच जागा आणि उद्‌भवलेला पेच बहुधा त्याच भागात सुटणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अमेरिकेतील ‘फ्रेंड्स’ (१९९४–२००४, २३६ भाग) ही मालिका या प्रकाराचा आदर्श मानली जाते.

मराठीत विनोदी मालिकेचा पाया कौटुंबिक होता. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी साहित्यावर आधारलेली मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव’ ही त्याची ठळक साक्ष होय. झी मराठी वाहिनीवर ९ मार्च २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने हा पाया बदलला. संजय जाधव निर्मित व विनोद लव्हेकर दिग्दर्शित या मालिकेत अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर व पूजा ठोंबरे यांच्या प्रमुख भूमिका होत्या. तीत सहा तरुण-तरुणी मुंबईतील एका सदनिकेत एकत्र राहतात. तिचे नाव ‘माजघर’. माजघर म्हणजे जुन्या मराठी घरातील मधली, घरच्यांच्या राबत्याची खोली. तेच नाव रक्ताचे नाते नसलेल्या सहा जणांच्या बिऱ्हाडाला देण्यात मालिकेचे सार आले आहे. पेण, रोहे यांसारख्या गावांतून शिक्षण वा नोकरीसाठी मुंबईत येऊन भाड्याच्या जागेत राहणाऱ्या पिढीला ते जवळचे वाटणे स्वाभाविक होते. एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, २० फेब्रुवारी २०१६ रोजी, मालिका संपली. ‘दिल दोस्ती दोबारा’ (२०१७) या पुढील मालिकेत कलावंत तेच असले, तरी पात्रे व कथा नवीन होती. माजघराचा शेवट त्यामुळे अबाधित राहिला.

या प्रकारात शेवट ही खरी अडचण असते. प्रत्येक भागाअखेर सारे पूर्ववत होते, हाच त्याचा आनंद; शेवट मात्र बदल घडविल्याशिवाय होत नाही. या पेचाचे सर्वांत वादग्रस्त उदाहरण म्हणजे ‘हाउ आय मेट युअर मदर’ (२००५–१४, ९ पर्वे, २०८ भाग). कार्टर बेझ व क्रेग टॉमस यांच्या या मालिकेत २०३० साली टेड मोझ्बी आपल्या मुलांना, त्यांची आई आपल्याला कशी भेटली, ते सांगतो. जवळजवळ सबंध शेवटचे पर्व बार्नी व रॉबिन या मित्रांच्या विवाहाभोवती फिरते. ३१ मार्च २०१४ रोजी प्रसारित झालेल्या अंतिम जोडभागात मात्र त्यांचा घटस्फोट होतो, आईचा मृत्यू झाल्याचे कळते आणि मुलांच्या आग्रहाने टेड पुन्हा रॉबिनकडे जातो.

अनेक प्रेक्षकांना ही फसवणूक वाटली. दुःखानंतरही आयुष्य पुढे जाते, म्हणून हा शेवट प्रामाणिक आहे, असे इतरांचे मत पडले. वादाचे एक मूळ निर्मितिप्रक्रियेत आढळते. मुलांची भूमिका करणारे कलावंत वयाने वाढणार, हे जाणून शेवटच्या प्रसंगातील त्यांचे संवाद मालिकेच्या आरंभीच्या काळातच चित्रित करून ठेवले होते. मधल्या वर्षांत पात्रे बदलली, आईच्या भूमिकेतील क्रिस्टिन मिलिओटी हिने अल्पावधीत प्रेक्षकांचे प्रेम मिळविले. शेवट तेवढा पूर्वीचाच राहिला. त्याच वर्षी ध्वनिचित्रमुद्रिकेत आई जिवंत असलेला पर्यायी शेवट देण्यात आला. पण त्यानेही वाद शमला नाही.

दीर्घ मालिकेची पात्रे लेखकाच्या योजनेइतकीच प्रेक्षकांच्या सहवासाने घडतात. शेवट दुःखद असल्याने सहसा बिघडत नाही. तो या सहवासाची दखल घेत नाही, तेव्हा मित्र दुरावल्यासारखे वाटते.