नोकरी सुटण्याचे इंग्रजी शब्द

इंग्रजी शिकलेला मनुष्य नोकरीचा अर्ज बिनचूक लिहितो, मुलाखतींत चार वाक्यें सफाईनें बोलतो. परंतु नोकरी सुटण्याची वेळ येते तेव्हां हातीं पडणाऱ्या कागदांतील इंग्रजी त्यास बहुधा अपरिचित असतें. हे शब्द वरवर पाहतां एकाच अर्थाचे भासतात. वस्तुतः दोष कोणाचा आणि भरपाई किती, हें त्यांपैकीं कोणता शब्द योजिला आहे यावर पुष्कळ अंशीं ठरतें.

प्रथम ‘डिसमिसल’ हा शब्द घ्यावा. मराठींत यास बडतर्फी म्हणतात. नोकराकडून गैरवर्तन घडलें असें ठरवून दिलेली ही शिक्षा होय. ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे कपात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ कापून टाकणें असा आहे. हींत नोकराचा दोष नसतो. मालकास तितक्या माणसांची गरज उरलेली नसते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ सालीं झाला, आणि १९५३ सालच्या दुरुस्तीनें त्यांत या शब्दाची व्याख्या आली. शिक्षा म्हणून काढणें या व्याख्येंतून वगळलें. कपात झालेल्या कामगारास सलग नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें १५ दिवसांचें सरासरी वेतन, हें भरपाईचें प्रमाण तेव्हां ठरलें व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेंहि तें कायम ठेविलें.

हीच गोष्ट ब्रिटनमध्यें ‘रिडंडन्सी’ या नांवानें ओळखली जाते. हा शब्द लॅटिन असून, पाणी कांठावरून ओसंडून जाणें हा त्याचा मूळ अर्थ. तेथें अशा भरपाईचा कायदा १९६५ सालीं झाला. कायद्याच्या दृष्टीनें जास्त होतें तें काम करणारें पद, माणूस नव्हे. बोलण्यांत मात्र माणसालाच ‘रिडंडंट’ म्हणतात, आणि तो शब्द मनाला लागतो.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘ले-ऑफ’ या शब्दाचा. भारतीय कायद्यांत ही तात्पुरती कामबंदी आहे. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा पडला किंवा यंत्र मोडलें, म्हणजे मालक कामगारास काम देऊं शकत नाहीं. परंतु त्याचें नांव हजेरीपटावर राहतें, आणि कायद्याच्या अटींत बसणाऱ्यास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते. अमेरिकन व्यवहारांत मात्र या शब्दाचा अर्थ आतां बहुधा नोकरी कायमची गेली असाच होतो. २०२२ सालच्या अखेरीस तेथील मोठमोठ्या संगणक-कंपन्यांनीं हजारों माणसें कमी केलीं, तेव्हां मराठी वृत्तपत्रांतहि हा शब्द त्याच अर्थानें आला. म्हणून तो कोणत्या देशाच्या कागदावर आला आहे, हें आधीं पाहावें लागतें.

राहिला ‘रेझिग्नेशन’. हा सर्वांत सौम्य शब्द, आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरण्याचा. जो स्वखुशीनें नोकरी सोडतो त्याची कपात झाली असें कायदा मानीत नाहीं. अर्थात् कपातीची भरपाईहि त्यास मिळत नाहीं. कपात करण्याऐवजीं नोकराकडूनच असा कागद लिहून घेणें मालकास सोयीचें कां वाटावें, हें यावरून उमगतें. या ठिकाणीं इंग्रजीपेक्षां मराठी शब्दच अधिक बोलका आहे. ‘राजीनामा’ फारसींतून आला. ‘राजी’ म्हणजे संतुष्ट वा संमत, आणि ‘नामा’ म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे संमतीचा लेख.

तेव्हां असा कागद पुढें आला असतां नोकरानें त्यावरील शब्द कोणता हें प्रथम वाचावें, आणि शब्द ‘रेझिग्नेशन’ असेल तर आपण खरोखरच राजी आहों काय, हें सही करण्यापूर्वीं स्वतःला विचारावें. सही झाल्यानंतर तोच प्रश्न न्यायालयांत विचारावा लागतो, आणि तेथें त्याचें उत्तर सिद्ध करणें फार कठीण जातें.