तालुक्याचा वकील संघ

न्यायालय म्हटलें म्हणजे उच्चासनावर बसलेले न्यायाधीश, काळे डगले घातलेले वकील आणि तारखेमागून पडणारी तारीख, एवढेंच चित्र सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच इमारतीच्या एका बाजूस वकिलांची खोली असते, तिच्या भिंतीशीं कायद्याचे ग्रंथ लावलेले असतात, आणि तेथें बसणाऱ्या मंडळींचा एक संघ असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गांवींही नसते. वास्तविक पाहतां न्यायदानाचें काम सुरळीत चालण्यास या संघाचा हातभार मोठा लागतो. आणि कळवणसारख्या तालुक्यांत तर त्याचें महत्त्व शहरांतल्यापेक्षां अधिक आहे. तें कां, हें समजण्यासाठीं प्रथम कळवणची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे.

गिरणा नदीच्या वरच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं हा तालुका वसलेला आहे. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यांत असल्यामुळें चैत्रांत व नवरात्रांत तेथें महाराष्ट्रांतून आणि खानदेशांतून यात्रा लोटते. सपाटीवर कांद्याची शेती, तर डोंगराकडील भागांत कोकणा, भिल्ल वगैरे आदिवासी समाजाची वस्ती, असें या तालुक्याचें दुहेरी स्वरूप आहे. १९८५ सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें कळवण, सुरगाणा व पेठ हे तालुके संविधानाच्या पांचव्या अनुसूचीखालीं अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. येथील पक्षकार घरीं अहिराणी किंवा कोकणी बोली बोलतो. कायद्याचे कागद मात्र दुसऱ्याच भाषेंत असतात. १९९८ सालीं राज्य सरकारनें जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली, तरी दावा, कैफियत, मनाई हुकूम, दरखास्त हे शब्द त्या पक्षकारास परकेच वाटतात. त्याचें बोलणें कायद्याच्या भाषेंत मांडणें आणि कायद्याचें बोलणें त्याला उमजेल असें सांगणें, हें दुभाष्याचें काम वकिलासच करावें लागतें.

आतां संघ म्हणजे काय तें पाहूं. वकील परिषद व वकील संघ या दोन संस्थांविषयीं पुष्कळदां घोटाळा होतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानें स्थापन झालेली परिषद ही कायद्यानें निर्माण केलेली संस्था होय. महाराष्ट्र व गोवा यांची परिषद एकच आहे. वकिलास सनद देणें, त्याचें नांव नोंदणें व गैरवर्तन झाल्यास चौकशी करून शिक्षा करणें हे अधिकार तिचे. वकील संघ ही मात्र त्या त्या न्यायालयांतील वकिलांनीं स्वेच्छेनें उभारलेली मंडळी होय. सभासद वर्गणी देतात, निवडणूक घेऊन अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव व खजिनदार नेमतात, ग्रंथालय चालवितात आणि न्यायाधीशांपुढें व सरकारापुढें वकिलांचीं व पक्षकारांचीं गाऱ्हाणीं मांडतात. वकीलपत्रावर जें कल्याण निधीचें तिकीट लावलेलें दिसतें, तें १९८१ च्या राज्य कायद्यान्वयें उभारलेल्या निधीसाठीं होय. वृद्धापकाळीं किंवा अकालीं निधन झाल्यास वकिलाच्या कुटुंबास त्यांतून साहाय्य मिळतें.

गेल्या कांहीं वर्षांत अशा संघांवर अभ्यासाची मोठीच जबाबदारी येऊन पडली. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंड संहिता, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता हीं तिन्ही बाजूस सरलीं व त्यांच्या जागीं भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ झालेले कलमांचे आंकडे एका दिवसांत बदलले. शिवाय त्या तारखेपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांस जुनीच दंड संहिता लागू राहत असल्यामुळें दोन्ही कायदे एकाच वेळीं जवळ बाळगणें भाग पडलें. नव्या कायद्यानें फिर्याद विद्युत् साधनांनींही कळवितां येते. मात्र तीन दिवसांच्या आंत फिर्यादीनें तिच्यावर सही केली पाहिजे. डोंगरांतल्या पाड्यावरील मनुष्यास ही सवलत आणि ही अट दोन्ही कोणी तरी सांगितल्या पाहिजेत. शहरांतील वकिलास व्याख्यानें, ग्रंथ व अनुभवी सहकारी सहज मिळतात; तालुक्यांतील तरुण वकिलास संघाची खोली हीच काय ती पाठशाळा.

दुसरें कार्य विधि साहाय्याचें. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणें राष्ट्र, राज्य, जिल्हा व तालुका अशी उतरंड रचली आहे. तालुका समितीचें अध्यक्षपद तेथील ज्येष्ठ न्यायाधीशांकडे असतें. पण खेडोपाडीं शिबिरें भरवावयाचीं, तर बोलणारे वकील संघानेंच पुरवावे लागतात. या कायद्याच्या बाराव्या कलमान्वयें अनुसूचित जाति-जमातींतील व्यक्ति, स्त्रिया, बालकें, अपंग व कोठडींतील इसम यांस उत्पन्नाचा विचार न करतां सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. कळवणच्या लोकवस्तीचा केवढा तरी भाग या एका कलमांत येतो! परंतु हक्क कागदावर असणें निराळें आणि तो हक्क आहे हें ठाऊक असणें निराळें.

जमिनीचेंच उदाहरण घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांप्रमाणें आदिवासीची जमीन बिगर आदिवासीस जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवांचून देतां येत नाहीं. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्या म्हणून वेगळा कायदाही झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसलेल्या वनजमिनीवर दावा सांगतां येतो. त्याचा आरंभ ग्रामसभेंत होतो, आणि निकाल उपविभागीय व जिल्हा समितीकडून येतो. याच दाव्यांच्या निकालासाठीं मार्च २०१८ मध्यें हजारों शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायीं चालत गेले होते. पायांना फोड येईपर्यंत चालण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना दावा नीट लिहून देणारा, पुरावा कोणता लागतो तें सांगणारा आणि नामंजुरीविरुद्ध मुदतींत अपील करावयास लावणारा जाणता मनुष्य वेळेवर भेटणें किती अगत्याचें, हें निराळें सांगावयास नको.

संघाच्या वार्षिक कार्यक्रमांत कांहीं दिवस ठरलेले असतात. ९ नोव्हेंबर हा विधि सेवा दिन. १९९५ सालीं त्या तारखेस वरील अधिनियम अंमलांत आला. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन, आणि ३ डिसेंबर, म्हणजे डॉ. राजेंद्रप्रसाद यांची जयंती, हा अधिवक्ता दिन. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतात. नाशिककरांस त्याचा अभिमान विशेष. याखेरीज वर्षांतून बहुधा चार वेळां राष्ट्रीय लोकअदालत भरते. तींत उभय पक्षांच्या संमतीनें झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो, त्यावर अपील चालत नाहीं, आणि भरलेलें न्यायालय शुल्क परत मिळतें. बांधावरून किंवा भाऊबंदकींतून उद्भवलेला तंटा एका दिवसांत मिटला, तर दोन घरांचा पुढील दहा वर्षांचा हेलपाटा वांचतो. मात्र तडजोड समजून उमजून झाली पाहिजे. दुबळ्या पक्षानें निरुपायानें मान डोलावली तर तिला तडजोड म्हणतां येणार नाहीं. तेथें वकिलाच्या सचोटीची कसोटी लागते.

स्त्री वकिलांच्या संबंधांत नाशिकचें नांव इतिहासांत आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं १८९२ सालीं कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांस वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला, तोंवर त्यांना थांबावें लागलें. शंभर वर्षांनंतर, २०२४ च्या मे महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयानें आपल्या वकील संघाच्या कार्यकारिणींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवण्याचा आदेश दिला. तालुक्याच्या संघांनींही यापासून धडा घेणें उचित होय; कारण आपली कहाणी पुरुष वकिलापुढें सांगण्यास कचरणाऱ्या स्त्रिया खेड्यांत थोड्या नाहींत.

संघटनेचें सामर्थ्य दोन्ही प्रकारें वापरतां येतें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनीं उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठीं चार दशकें चिकाटी धरली, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचें काम सुरू झालें. त्यामुळें तिकडील पक्षकाराची मुंबईची वारी टळली. उलटपक्षीं, कामावर बहिष्कार पडला कीं बसभाडें खर्चून, दिवसाची मजुरी बुडवून आलेला पक्षकार पुढची तारीख घेऊन परततो. वकिलांस संप करण्याचा हक्क नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं हरीश उप्पल यांच्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें. त्याचप्रमाणें अमुक आरोपीचें वकीलपत्र कोणीं घेऊं नये, असा ठराव करणेंही बेकायदेशीर होय, असा निर्णय याच न्यायालयानें २०१० सालीं दिला. लोकक्षोभ उसळला असतां हा दुसरा नियम पाळणें लहान गांवांत फार जड जातें, कारण तेथें प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. पण ज्याच्या बाजूनें कोणीच नाहीं त्याच्यासाठीं एक तरी वकील उभा राहील, ही हमी नसेल तर निरपराध्यास सुटण्याचा मार्गच उरत नाहीं.

तात्पर्य, वकील संघाची थोरवी त्याच्या समारंभांवरून किंवा सत्कारांवरून ठरवावयाची नसते. गडाच्या पलीकडील पाड्यावरून पहांटे निघालेली एखादी म्हातारी हातांत सातबाऱ्याचा चुरगळलेला उतारा घेऊन न्यायालयाच्या आवारांत येते. तिला कोठें जावें, कोणास भेटावें व पैसे नसतां वकील कसा मिळेल, हें त्या आवारांतील पहिलाच वकील सांगूं शकला, तर त्या तालुक्याच्या संघानें आपलें काम चोख बजावलें असें समजावें.