येवला : पैठणीच्या दुकानांपलीकडचे गाव

मनमाडहून शिर्डीकडे जाणारा रस्ता आणि नाशिकहून वैजापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता येवल्यात विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. साईदर्शनाला निघालेले आणि वेरूळ-अजिंठ्याची वाट धरलेले असे दोन्ही प्रकारचे प्रवासी या चौफुलीवरून जातात. त्यांतील बहुतेकांची गाडी एखाद्या पैठणीच्या दालनासमोर अर्धा तास थांबते, साडी घेतली जाते आणि प्रवास पुढे सुरू होतो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून येवला रेल्वेच्या नकाशावर आहे. पर्यटकांच्या नकाशावर मात्र ते अजूनही वाटेवरचे गाव आहे. वास्तविक गाव आणि परिसर नीट पाहायचा तर दोन दिवस सहज लागतात.

पाहण्याची सुरुवात पैठणीपासूनच करावी, पण दुकानातून नव्हे, मागावरून. कला पैठणची, पण आज तिचा सर्वांत मोठा व्याप येवल्यात आहे. येवला वसविणारे राघोजी नाईक यांनी कारागीर आणि व्यापारी आणून येथे रेशमाचा धंदा उभा केला, असे परंपरा सांगते. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांनी हा मुलूख विठ्ठल शिवदेव विंचूरकरांना दिला. खत्री, साळी, कोष्टी, मोमीन अशा अनेक समाजांच्या हातांनी हा धंदा वाढला. आजही जुन्या गल्ल्यांतून चालताना घराघरांतून मागाचा ठोका ऐकू येतो. अनेक विणकर घरातच माग मांडून बसतात. विनंती केल्यास काम पाहू देतात.

कच्चे रेशीम प्रामुख्याने बंगळूरकडून येते, जर सुरतेहून. रेशीम धुऊन, रंगवून आसारीवर गुंडाळले जाते आणि नंतर कांड्या भरल्या जातात. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचे. ही सांधणी डोळ्यांची आणि चिकाटीची परीक्षा पाहते. अंगाचा आणि काठाचा रंग वेगळा असेल तर तीन धोटे लागतात, एक अंगासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. पदरावरचे मोर, मुनिया, आसावली किंवा कमळ यांना ठसा नाही की जाळीचे यंत्र नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी बोटांनी ताण्याच्या धाग्यांतून फिरवायची आणि शेजारच्या रंगात अडकवायची. त्यामुळे भरगच्च पदर असेल तर दिवसभरात काही बोटेच कापड पुढे सरकते. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते, तर अंगभर नक्षीच्या साडीला वर्षही लागू शकते.

हे पाहिल्यावर किमतीचा अर्थ कळतो आणि बाजारातील फसवणूकही. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ आज सर्वत्र मिळते. ती सेमी म्हणून विकली गेली तर तक्रारीचे कारण नाही. कमी पैशांत हौस भागविण्याचा तोही मार्ग आहे. पण ती हातमागाची म्हणून गळ्यात मारली जाते, तेव्हा ग्राहकाच्या पैशांबरोबर विणकराची मजुरीही बुडते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे साडी उलटून पाहणे. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात, अथवा त्यांवर जाळी चिकटविलेली असते. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप आली, असे नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पैठणीला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले असले तरी साडी उलटून पाहण्याची सवय ग्राहकाने स्वतःच लावून घ्यावी लागते.

पैठणीइतकेच येवल्याचे नाव इतिहासात आहे, ते दोन कारणांनी. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे, म्हणजे रामचंद्र पांडुरंग येवलेकर, यांचा जन्म १८१४ च्या सुमारास येथे झाला. पेशवाई बुडाल्यावर त्यांचे कुटुंब दुसऱ्या बाजीरावांबरोबर ब्रह्मावर्ताला गेले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे तात्यांना फाशी देण्यात आली.

दुसरे कारण मुक्तिभूमी. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला, मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. या पार्श्वभूमीवर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात परिषद भरली. हिंदू म्हणून जन्मलो, ते आपल्या हाती नव्हते. पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे केली. मंदिरप्रवेशाच्या लढ्यात आणखी शक्ती खर्चू नये, असेही परिषदेत ठरले. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे घोषणेनंतर २१ वर्षे आणि एका दिवसाने. दीक्षाभूमी साऱ्या देशाला ठाऊक आहे. जिथे हा निर्णय प्रथम उच्चारला गेला त्या जागेची वाट मात्र चौफुलीवरून जाणाऱ्या अनेकांना विचारावी लागते. आज तेथे स्तूपाच्या घाटाचे स्मारक उभे आहे. दर १३ ऑक्टोबरला राज्यभरातून अनुयायी येतात. गर्दी टाळून शांतपणे पाहायचे असेल त्यांनी अन्य दिवस निवडावा. पण ही जागा लोकांसाठी काय आहे, हे त्या एका दिवशीच कळते.

शहरालगतच्या कोटमगाव येथे जगदंबेचे देवस्थान आहे. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते आणि नवस केलेले भाविक, विशेषतः स्त्रिया, मंदिर परिसरात नऊ दिवस घटी बसतात.

उत्तरेला मनमाडच्या वाटेवर अणकाई आणि टणकाई हे जोडकिल्ले दिसतात. दोन डोंगर, मधली खिंड आणि खाली अणकाई गाव. मोगलांनी १६३५ मध्ये आणि इंग्रजांनी १८१८ मध्ये हे किल्ले घेतले. चढाई अवघड नाही. सकाळी लवकर निघाल्यास दुपारपर्यंत दोन्ही पाहून होतात. घाईत असलेल्यांनी निदान टणकाईच्या पायथ्याकडील जैन लेणी चुकवू नयेत. कोरीव खांब, दारांच्या चौकटी आणि दुमजली लेणे पाहताना नाशिक जिल्ह्यात लेणी म्हणजे फक्त पांडवलेणी हा समज गळून पडतो. अणकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान आणि पाण्याचे तळे आहे. उन्हाळ्यात मात्र पाणी सोबत न्यावे, सावली फारशी नाही.

तालुक्याचा ईशान्य भाग कायम तहानलेला. याच माळरानावर राजापूर-ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. हिरव्या जंगलाची अपेक्षा ठेवून गेलेला पर्यटक निराश होतो. काळविटाला खुरटे गवत आणि मोकळा माळच लागतो. पहाटे किंवा सूर्यास्ताआधी कळप दिसण्याची शक्यता अधिक. उन्हाळ्यात वन विभाग पाणवठे भरतो, तरी पाण्याच्या शोधात हरणे शेतांत, रस्त्यांवर आणि कधी विहिरींतही येऊन पडतात. रात्री या भागातून वाहन जपून चालवावे.

सणांच्या दिवशी गाव निराळेच असते. रंगपंचमीला ट्रॅक्टरवर रंगाची पिंपे लादून गट समोरासमोर उभे राहतात आणि रंगांचे सामने रंगतात. संक्रांतीला भोगीपासून करीपर्यंत तीन दिवस सारे येवला गच्चीवर असते. हलकडीचा ताल, कटलेल्या पतंगामागे धावणारी पोरे आणि हातात चक्रीऐवजी लाकडी आसारी. विणकर रेशीम गुंडाळतो त्या साधनाचेही हेच नाव, हे दोन्ही आसाऱ्या शेजारी पाहिल्यावर उमगते. नायलॉन मांजावर बंदी आहे; पाहुण्यांनी दुकानात साधा सुती दोराच मागावा आणि या तीन दिवसांत दुचाकीवरून फिरताना गळ्याला मफलर बांधावा.