शपथ आणि उपचार

घरातला तरुण मुलगा गर्दच्या आहारी गेल्याचे उघडकीस आले की पुष्कळ कुटुंबांची पहिली धाव डॉक्टरकडे नसते, देवाकडे असते. कोणी कुलदैवतापुढे बेलभंडार उचलायला लावतो, कोणी दर्ग्यात नेतो, कोणी क्रुसापुढे उभे करतो. मुलगाही शपथ बहुधा मनापासून घेतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती मोडते, आणि व्यसनाच्या जोडीला देवाशी केलेल्या प्रतारणेचे पापही त्याच्या माथी बसते.

शपथ का मोडते, याचे उत्तर नीतिशास्त्रापेक्षा शरीरशास्त्रात अधिक सापडते. गर्द म्हणजे अफूपासून तयार होणाऱ्या हेरॉइनचे अशुद्ध रूप. पन्नीवर तापवून त्याचा धूर ओढण्याची सवय जडलेल्या शरीराला काही तास ते मिळाले नाही, की हाडे ठणकू लागतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मंडळींच्या भाषेत हीच ‘टर्की’. या यातनेपुढे केवळ निश्चयाच्या बळावर टिकून राहणे फार थोड्यांना जमते.

धर्मांनी नशेचा निषेध केलेला नाही, असे मुळीच नाही. बुद्धाच्या पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. १९५६ साली नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाचीही प्रतिज्ञा होती. इस्लामने मद्य निषिद्ध मानले, वारकऱ्याच्या तुळशीमाळेने मद्यमांस वर्ज्य केले, गाडगेबाबांनी कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. दुसरीकडे महाशिवरात्रीला भांग प्रसाद ठरते आणि साधूच्या चिलमीकडे कानाडोळा होतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही गांजा-चरसावर बंदी घातली, पण भांगेची पाने व्याख्येबाहेर ठेवली. एकाची नशा भक्ती आणि दुसऱ्याची नशा पाप, ही विसंगती तरुणांच्या नजरेतून सुटत नाही.

परंतु विसंगतीहूनही घातक आहे ती निषेधातून येणारी लाज. पाप म्हटले की लपवाछपवी आली. घरातली भांडी-दागिने नाहीसे होऊ लागले तरी शेजाऱ्यांना सुगावा लागू दिला जात नाही. ‘लग्न झाले की सुधारेल’ या आशेवर एका निरपराध मुलीचेही आयुष्य पणाला लावले जाते. उपचाराचा मोलाचा काळ असा अब्रू झाकण्यात निघून जातो. वास्तविक, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्यानेही काही अटींवर खटल्यापासून संरक्षण दिले आहे. कायदा जेथे क्षमा करू शकतो, तेथे क्षमेचाच उपदेश करणाऱ्या धर्माने मागे का राहावे?

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे रुग्णाकडे गुन्हेगार वा पापी म्हणून नव्हे, आजारी माणूस म्हणून पाहिले गेले. औषधाने शरीर सावरते. मन सावरण्यासाठी मात्र माणसे लागतात. ही गोष्ट वारकरी परंपरेला नवी नाही. माळकऱ्याचा नेम टिकतो, तो केवळ माळ घालताना उच्चारलेल्या शब्दांवर नव्हे. मागेपुढे चालणारी दिंडी त्याला सावरून धरते.

म्हणून शपथ टाकाऊ नाही. तिची जागा चुकते आहे. आधी उपचार, मग शपथ, आणि त्यानंतर दीर्घकाळ सोबत, हा क्रम हवा. मंदिर, मशीद, चर्च आणि विहार यांना त्यातील सोबतीचे काम करता येण्यासारखे आहे. पाय घसरलेला मुलगा पुन्हा दारात आला, तर त्याला आत घेण्याची तयारी मात्र तेथे हवी.