रॅन्सम्स : धारेचा कारखाना

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, ऑर्वेल नदीच्या काठी, इप्सविच नावाचे जुने बंदर आहे. तेथे १७८९ साली रॉबर्ट रॅन्सम या क्वेकर पंथाच्या गृहस्थाने दोनशे पौंडांचे भांडवल आणि एक कारागीर एवढ्या सामग्रीनिशी लहानशी ओतशाळा उघडली. हा शाळामास्तराचा मुलगा नॉर्विच येथे लोखंडाच्या धंद्यात उमेदवारी करून तयार झाला होता, आणि बिडाचा फाळ कठीण करण्याच्या एका रीतीची एकाधिकाराची सनद त्याने १७८५ सालीच सरकारातून मिळविली होती. पुढे ज्या कारखान्याने नांगर, मळणीयंत्रे, वाफेची इंजिने, विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत विमानेसुद्धा बांधली, परंतु ज्याचे नाव आज मुख्यत्वेकरून हिरवळीवरील गवत कापणाऱ्या यंत्रांमुळेच घेतले जाते, त्या रॅन्सम्स कंपनीचा हा उगम होय. वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेल्या या साऱ्या कारभाराच्या मुळाशी एकच विद्या होती, असे माझे मत आहे. ती म्हणजे लोखंडाला धार आणण्याची आणि आलेली धार टिकविण्याची.

या विद्येचा मोठा लाभ रॅन्समला १८०३ साली झाला. परंपरा अशी सांगते की, ओतकाम चालू असता साचा फुटला, तप्त रस खालच्या थंड लोखंडावर पसरला, आणि थिजल्यानंतर पाहतात तो लोखंडाला टेकलेला भाग कानस लागू न देण्याइतका कठीण झालेला! असले अपघात ओतशाळेत अनेकदा घडत असतील, परंतु नासका तुकडा भंगारात न टाकता तो हातात घेऊन त्याचा विचार करणारा माणूस विरळा. रॅन्समने फाळाच्या साच्याचा तळ लोखंडाचा केला आणि वरची बाजू वाळूची ठेवली. त्यामुळे फाळाचे अंग खालून झपाट्याने निवून टणक होई, तर वरून सावकाश निवाल्यामुळे मऊ राही. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजे, कठीण बाजूची कडा पुढे निघून येई, आणि अशा रीतीने जी झीज इतर फाळांना बोथट करी तीच या फाळाला धार लावीत असे. पुढे १८०८ साली त्याने नांगराचे भाग सुटे व अदलाबदल करण्याजोगे केले, तेव्हा मोडलेला तुकडा बदलण्यासाठी लोहाराचे घर गाठण्याचेही शेतकऱ्यास कारण उरले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराविषयी, लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शंका घेऊन आपल्या शेतकऱ्यांनी प्रारंभी पाठ फिरविली होती, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नवा नांगर शेतात उतरविण्यास केवढी चिकाटी लागते याची कल्पना येईल.

रॉबर्ट रॅन्सम १८३० साली निवर्तला, आणि योगायोग असा की, त्याच वर्षी इप्सविचपासून दूर, ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या खोऱ्यात, त्याच्या वंशजांचे भवितव्य ठरविणारे यंत्र जन्मास आले. स्ट्राउडचा प्रदेश लोकरी कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होता. तेथील गिरण्यांत विणलेल्या कापडावरची उभी लव एकसारखी कातरण्यासाठी फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. ते पाहून, कापडावरची लव जर अशी कातरता येते तर जमिनीवरचे गवत का येऊ नये, असा प्रश्न एडविन बडिंग या कारागिराला पडला. त्या काळी मोठ्या वाड्यांभोवतालच्या हिरवळी मेंढ्या चारून आखूड ठेवीत, नाही तर लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत. आणि दव असेपर्यंतच गवत नीट कापले जात असल्यामुळे विळेकऱ्यांना भल्या पहाटे कामाला लागावे लागे. ३१ ऑगस्ट १८३० रोजी बडिंगने आपल्या यंत्राची सनद घेतली, आणि जॉन फेराबी या भागीदाराच्या ओतशाळेत ते तयार होऊ लागले.

१८३२ साली हे यंत्र बनविण्याचा परवाना रॅन्सम घराण्याने करारनामा करून मिळविला. तेव्हा कारभार रॉबर्टच्या मुलांच्या व नातवाच्या हाती होता. कंपनीच्या इतिहासात हा निर्णय मला सर्वांत थोर वाटतो. शोध दुसऱ्याचा, आणि गिऱ्हाईक तर अजून जन्माला यावयाचे. कारण लॉन टेनिसचा खेळ निघावयास तेव्हा चाळीस वर्षे अवकाश होता. तथापि नांगराच्या व्यवहारात ज्यांची दोन पिढ्यांची नजर तयार झाली होती, त्यांनी बडिंगच्या यंत्रातले मर्म ओळखले.

ते मर्म पाहावयाचे असल्यास यंत्राजवळ वाकून पाहिले पाहिजे. एका आडव्या दंडगोलावर मळसूत्राच्या वळणाने पोलादी पाती बसविलेली असतात, आणि त्यांच्या खाली, जमिनीलगत, एक अचल पाते असते. यंत्र ढकलले की मागचा रूळ फिरतो, दातेरी चाकांमधून ती गती दंडगोलाला मिळते, आणि प्रत्येक फिरते पाते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालच्या पात्याला क्रमाने भेटत जाऊन मधले गवत कात्रीप्रमाणे कापते. या भेटीचे अंतर साधण्यातच सगळे कसब आहे. पाती एकमेकांवर आवळून बसली तर घासतात व तापतात. अंतर राहिले तर गवत कापले न जाता चघळले जाते आणि त्याची टोके पिवळी पडतात. जाणता माळी कागदाची पट्टी दोन्ही पात्यांमध्ये धरतो, दंडगोल हाताने हळूच फिरवितो, आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सर्वत्र कागद स्वच्छ कापला जातो की नाही हे पाहूनच खिळी पक्की करतो. पाती बोथटली तर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून दंडगोल उलटा फिरवितात, म्हणजे पाती एकमेकांवरच घासून पुन्हा धारेवर येतात.

शक्ती मात्र बदलत गेली. प्रथम माणसाने ढकलले. मग मोठी यंत्रे घोड्यांनी ओढली, आणि खुरांच्या खुणा हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढविण्याची रीत पडली. १८९३ साली लँकेशायरमधील लेलंड गावच्या जेम्स समनरने वाफेवर चालणारे यंत्र काढले, परंतु बंब तापून वाफ धरेपर्यंत खोळंबून राहणे आणि यंत्राचे ओझे, दोन्ही हिरवळीस मानवण्याजोगी नव्हती. या अडचणीतून रॅन्सम्सने वाट काढली. १९०२ साली त्यांनी पेट्रोलवर चालणारे, बेचाळीस इंच रुंद पट्टा कापणारे यंत्र बाजारात आणले. धंद्याच्या पायावर विकले गेलेले अशा जातीचे हे पहिलेच यंत्र होय. बोर्नव्हिल येथे कामगारांच्या खेळासाठी विस्तीर्ण मैदान राखणारी कॅडबरी कंपनी त्याच्या आरंभीच्या गिऱ्हाइकांपैकी होती.

सामान्य गृहस्थाच्या अंगणापर्यंत मोटरचे यंत्र नेण्याचे श्रेय मात्र रॅन्सम्सला नाही. १९२१ साली निघालेल्या ॲटको यंत्राने, म्हणजे बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी, ते काम केले. रॅन्सम्सने मुख्यतः मैदाने, उद्याने व गोल्फच्या हिरवळी राखणाऱ्यांचीच कास धरली, आणि धारेची पारख असलेले गिऱ्हाईक टिकविले, हे उचितच झाले. लहान बागायतदारांसाठी त्यांनी १९३६ साली काढलेला एमजी-२ हा पट्ट्यांवर चालणारा चिमुकला ट्रॅक्टरही त्याच वृत्तीचा होता. भाजीपाल्याच्या वाफ्यांत जेथे मोठा ट्रॅक्टर शिरत नसे, तेथे तो माती न दाबता नांगर ओढी.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना बंदराकाठचे जुने ऑर्वेल वर्क्स सोडून गावाबाहेर नॅक्टन येथे टप्प्याटप्प्याने हलला. १९८७ साली शेतीच्या अवजारांचे खाते इलेक्ट्रोलक्सला विकले गेले, आणि ज्या नांगरावर घराणे उभे राहिले तो हातचा गेला. १९९८ साली उरलेली कंपनी अमेरिकेच्या टेक्स्ट्रॉनने खरेदी केली.

मालकी गेली तरी दप्तर राहिले. रॅन्सम्सचे हिशेब, नकाशे, छायाचित्रे व मालाच्या याद्या रेडिंग विद्यापीठाच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात जतन केलेल्या आहेत, आणि त्या अभ्यासकांना पाहावयास मिळतात. महाराष्ट्रातही नांगर, रहाट, चरक आणि पंप बनविणारे कारखाने गावोगावी झाले. ज्यांच्या माळ्यावर अशा कारखान्यांच्या वह्या, साच्यांचे नकाशे किंवा मालाच्या छापील याद्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात, एवढी विनंती आहे.